मलेरियाचे नर-मादी परजीवी प्रयोगशाळेत कसे वाढवतात? (आणि ताप उतरल्यावरही ते रक्तात का असतात)

विश्वामित्री

नमस्कार मंडळी,

पावसाळा उतरणीला लागला की बडोद्यात तापाच्या रुग्णांची गर्दी सुरू होते आणि आपल्या इथे मलेरियावर एखादा धागा निघतोच. त्यात थंडी वाजणं, प्लेटलेट, पपईच्या पानांचा रस असं सगळं येतं. पण मलेरिया एका माणसाकडून दुसऱ्याकडे ज्या अवस्थेमुळे जातो, तिचा उल्लेखही कुठे नसतो. मी सायन्स फॅकल्टीत शिकले, पुढे बाहेरगावच्या एका प्रयोगशाळेत याच अवस्थांवर काम केलं आणि आता परत बडोद्यात शिकवते आहे. म्हणून हा धागा. थोडा लांब होईल, सांभाळून घ्या.

मी लिहिणार आहे ते फाल्सिपेरम या जातीबद्दल. मेंदूवर जाणारा, जिवावर बेतणारा मलेरिया हाच. याचा परजीवी आपल्या तांबड्या पेशीत शिरतो, ४८ तास तिथे वाढतो, त्याचे साधारण सोळा ते तीसेक तुकडे होतात, पेशी फुटते आणि प्रत्येक तुकडा नव्या पेशीत घुसतो. ताप येतो तो या पेशी फुटण्यामुळे. मात्र दर फेरीत काही थोडे परजीवी ही वाट सोडतात. ते पुढे विभागत नाहीत, पेशीही फोडत नाहीत. आहे त्याच पेशीत राहून हळूहळू नर किंवा मादी होतात. यांना गॅमेटोसाइट म्हणतात. डासाच्या पोटात फक्त हेच तगतात. बाकीचे सगळे रक्ताबरोबर पचून जातात. म्हणजे ज्यांच्यामुळे माणूस आजारी पडतो ते परजीवी रोग पसरवत नाहीत, आणि जे पसरवतात त्यांचा रुग्णाला पत्ताही लागत नाही.

आता फ्लास्ककडे येऊ.

फाल्सिपेरम शरीराबाहेर सलग वाढवणं १९७६ साली जमलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात विल्यम ट्रेगर आणि जेम्स जेन्सन यांनी ते केलं. १९१२ मध्ये बास आणि जॉन्स यांनी परजीवी थोड्या फेऱ्यांपुरते जगवले होते, पण ते टिकले नाहीत. ट्रेगर-जेन्सन यांची युक्ती साधी होती. माणसाच्या तांबड्या पेशी, आरपीएमआय १६४० नावाचं तयार मीडियम (पेशी वाढवायचं पोषक द्रावण), त्यात मानवी सीरम, हे सगळं उथळ बशीत घालून काचेच्या बरणीत ठेवायचं. बरणीत मेणबत्ती लावून झाकण बंद करायचं. मेणबत्ती विझेपर्यंत आतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. परजीवीला असंच वातावरण मानवतं. आता बहुतेक ठिकाणी पाच टक्के ऑक्सिजन, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड आणि उरलेला नायट्रोजन असं सिलिंडरमधलं मिश्रण वापरतात. मेणबत्तीची बरणीही अजून चालते.

अडचण पुढे येते. कल्चरची, म्हणजे फ्लास्कमध्ये वाढवलेल्या परजीवींची, नीट काळजी घेतली, रोज मीडियम बदललं, वेळेवर ताजं रक्त घातलं, तर परजीवी आनंदाने विभागत राहतात आणि गॅमेटोसाइट जेमतेम दिसतात. ते हवे असतील तर उलट वागावं लागतं. परजीवींची संख्या वाढू द्यायची, ताजं रक्त घालायचं नाही, आधी वापरलेलं मीडियम अर्धंअधिक तसंच ठेवायचं. कल्चर थकतं, पेशी काळवंडतात, बरेच परजीवी मरतात. त्या पडझडीतूनच लैंगिक अवस्था वर येतात.

त्यानंतर धीराची परीक्षा. साधी फेरी ४८ तासांची, पण फाल्सिपेरमचा गॅमेटोसाइट पिकायला दहा ते बारा दिवस लागतात. त्याचे पाच टप्पे मानतात. पहिल्या टप्प्यात तो साध्या परजीवीसारखाच गोल असतो, अनुभवी डोळाही फसतो. दुसऱ्यात एक बाजू किंचित सरळ होते. तिसऱ्यात इंग्रजी डी अक्षरासारखा. चौथ्यात लांबट, दोन्ही टोकं अणकुचीदार. पाचव्यात टोकं गोलावतात आणि पूर्ण चंद्रकोर तयार होते. कल्चरमध्ये हे सगळे टप्पे नीट पार पडून पक्के गॅमेटोसाइट मिळतात, हे इफेडिबा आणि व्हॅन्डरबर्ग यांनी १९८१ मध्ये दाखवलं.

या दिवसांत रोज मीडियम बदलायचं, पण फ्लास्क गार होऊ द्यायचा नाही. मीडियम आधी ३७ अंशांवर आणायचं, फ्लास्क गरम प्लेटवर ठेवून भराभर काम उरकायचं. का, ते कोणी विचारलं तर खाली लिहीन. तो माझ्या सगळ्यात आवडीचा भाग आहे.

---

दांडियाबाजारकर

विश्वामित्रीताई, वाचून फार आनंद झाला. माझी सगळी नोकरी मलेरियाच्या स्लाइड बघण्यात गेली. स्लाइड रंगवायला आमच्याकडे जेएसबी स्टेन असायचा, गिम्सा क्वचित. जाड थेंब आणि पातळ लेप एकाच काचेवर. फाल्सिपेरम सापडला की रिंग (विभागणाऱ्या परजीवीची कोवळी, अंगठीसारखी अवस्था) आहे की चंद्रकोर आहे हे वेगळं लिहायचं असा नियम होता.

एक गोष्ट आम्ही नेहमी बघायचो. रुग्णाची पहिली स्लाइड नुसत्या रिंगची असायची. उपचार झाले, ताप गेला, आठवड्याने परत स्लाइड घेतली की रिंग एकही नाही, पण चंद्रकोरी हजर. रुग्ण म्हणायचा, मी बरा आहे, आता कशाला सुई टोचता? पहिल्या दिवशी या कुठे असतात, ते सांगा.

---

विश्वामित्री

काका, नोकरीभर स्लाइड बघितलेल्या माणसाचाच हा प्रश्न.

पहिल्या ते चौथ्या टप्प्यातले गॅमेटोसाइट फिरत्या रक्तात नसतात. ते मुख्यतः हाडांच्या मज्जेत दडून बसतात. पाचव्या टप्प्याला पोचले की रक्तात उतरतात. म्हणून बोटाच्या थेंबात ते ताप सुरू झाल्यावर आठवड्या-दीड आठवड्याने दिसतात. तोपर्यंत औषधाने रिंग मारलेल्या असतात. क्लोरोक्वीनचा पिकलेल्या चंद्रकोरीवर परिणाम होत नाही. आर्टेमिसिनिन गटाची औषधं कोवळ्या गॅमेटोसाइटना मारतात, पाचव्या टप्प्यापुढे तीही तोकडी पडतात. बरीचशी औषधं विभागणाऱ्या, खाणाऱ्या परजीवीला गाठतात, आणि पक्की चंद्रकोर तर जवळजवळ निजलेली असते.

फ्लास्कमध्ये मज्जेतला आडोसा नसतो, त्यामुळे पहिल्या दिवसापासून पाचही टप्पे डोळ्यांसमोर घडताना बघायला मिळतात. रुग्णाच्या रक्तात जे कधी दिसत नाही ते इथे रोजच्या स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवरच्या लेपात, दिसतं. कल्चरचं खरं मोल मला यात वाटतं.

---

कोवळे_ऊन

ताई, मी एमएस्सीला आहे, मायक्रोबायोलॉजी. दोन शंका.

१. परजीवीला गॅमेटोसाइट व्हायचंय हे कोण ठरवतं? आमच्या नोट्समध्ये नुसतं 'ताणामुळे' असं लिहिलंय.
२. नर आणि मादी वेगळ्या गुणसूत्रांमुळे होतात का?

---

विश्वामित्री

'ताणामुळे' हे चूक नाही, पण अर्धवट आहे. बरीच वर्षं आम्हा सगळ्यांकडे तेवढंच उत्तर होतं. कोणी म्हणे जुनं मीडियम, कोणी म्हणे गर्दी, कोणी म्हणे औषधाची हलकी मात्रा.

२०१४ मध्ये चित्र बदललं. एपी२-जी नावाचं एक प्रथिन सापडलं. लैंगिक अवस्थेला लागणारी जनुकं ते चालू करतं. हे जनुक मोडलं तर गॅमेटोसाइट मुळीच होत नाहीत. दोन वेगवेगळ्या गटांनी हे एकाच वेळी दाखवलं, एकाने फाल्सिपेरममध्ये, दुसऱ्याने उंदरांच्या बर्घाय या जातीत. एरवी हे जनुक बंद असतं. एचपी१ नावाचं प्रथिन त्या भागातला डीएनए घट्ट आवळून ठेवतं. जीडीव्ही१ हे आणखी एक प्रथिन त्या एचपी१ला तिथून हटवतं, म्हणजे एपी२-जीला वाट मोकळी होते.

आता हे सगळं हलतं कशाने? २०१७ मध्ये एका स्निग्ध पदार्थाचं नाव पुढे आलं, लायसोफॉस्फॅटिडिलकोलिन. आपल्या रक्तद्रवात हा भरपूर असतो. परजीवी तो ओढून घेतो आणि त्यातून होणाऱ्या पिलांच्या आवरणाचा माल तयार करतो. पदार्थ मुबलक असेल तर विभागत राहायचं. कमी पडला तर गॅमेटोसाइटकडे वळायचं. जुन्या मीडियममध्ये परजीवींनी तो संपवलेला असतो, म्हणून जुनं मीडियम उपयोगी पडत होतं! आजारात रुग्णाच्या रक्तातही तो घटतो. हे वाचलं तेव्हा मला फार समाधान वाटलं होतं. ज्या कृतीला आम्ही अनुभवाची म्हणून निभावून नेत होतो, तिला कारण मिळालं. आता काही प्रयोगशाळा परजीवींना उपाशी मारत नाहीत. मीडियममधून हा एक पदार्थ वगळतात आणि साध्या स्निग्धाम्लांवर एक फेरी ठेवतात. वळणाऱ्यांचं प्रमाण पुष्कळ वाढतं. त्याच मीडियममध्ये कोलिन घातलं की परत कमी होतं.

बर्घायला मात्र हा पदार्थ लागू पडत नाही, हे लक्षात ठेव. उंदरातलं सगळंच माणसात चालत नाही.

दुसऱ्या शंकेचं उत्तर: नाही. रक्तातल्या परजीवीकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो आणि नर-मादीचं वेगळं गुणसूत्र नसतं. ३डी७ ही जगभर वापरली जाणारी क्लोन एकाच परजीवीपासून वाढवलेली आहे, तरी तिच्यातून नर आणि मादी दोन्ही निघतात. आणि एका फुटणाऱ्या पेशीतली सगळी पिलं बहुधा एकाच प्रकारची असतात, सगळी नर किंवा सगळी मादी. म्हणजे निर्णय आदल्या फेरीतच झालेला असतो. याला अपवाद आहेत, काही परजीवी त्याच फेरीत वळतात असंही पुढे दिसलं आहे, पण मुख्य वाट ही.

---

कोवळे_ऊन

म्हणजे कल्चर थकवायचं ते एक फेरी आधी! आज हे पहिल्यांदा नीट समजलं. आणि त्यात राहिलेले साधे परजीवी कसे काढता?

---

विश्वामित्री

एन-ॲसिटिलग्लुकोसामाइन घालून, ५० मिलिमोलर, थोडे दिवस. नवीन पेशींत शिरकाव बंद पडतो, त्यामुळे विभागणारे संपतात. गॅमेटोसाइट आधीच पेशीत बसलेले, त्यांना धक्का लागत नाही. हेपरिनही वापरतात, तेही शिरकावच रोखतं. सुरुवातीला पाच टक्के सोरबिटॉलने सगळे परजीवी एका वयाचे करून घेतलेस तर पुढचे टप्पे एकत्र चालतात आणि स्मिअर वाचायला सोपी जाते.

एक सूचना, पुढे कधी हे काम केलंस तर उपयोगी पडेल. फार काळ कल्चरमध्ये ठेवलेले परजीवी गॅमेटोसाइट करायचं विसरतात. सारखं त्याच विरजणावर दही लावत गेलं की चव बिघडते, तसंच. फ्लास्कमध्ये डास नाही, म्हणून लैंगिक अवस्थेचा काही फायदा नाही; जे फक्त विभागतात तेच संख्येने पुढे जातात. कित्येक वाणांत नवव्या गुणसूत्राचं टोकच गळालेलं सापडतं, आणि जीडीव्ही१ नेमकं तिथे आहे. म्हणून चांगला वाण हाती आला की लगेच त्याच्या कुप्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवायच्या आणि ठरावीक काळाने फ्लास्क टाकून नवी कुपी उघडायची.

---

मांजलपूरचा_मुलगा

धागा छान आहे, पण एक मनापासून विचारतो. मुद्दाम मलेरिया वाढवायचा, वर तो डासांना पाजायचा, हे धोक्याचं नाही का? आपल्या गावात आधीच डास कमी आहेत का? आणि हे परजीवी आले कुठून?

---

विश्वामित्री

विचारायलाच हवा असा प्रश्न आहे.

आले कुठून ते आधी. सगळ्यात जास्त वापरला जाणारा वाण एनएफ५४. तो नेदरलँड्समधल्या एका रुग्णाकडून मिळाला. हा माणूस कधी देशाबाहेर गेला नव्हता. आम्स्टरडॅमच्या स्किफोल विमानतळाजवळ राहायचा. विमानातून आलेला डास चावला असणार. वर लिहिलेली ३डी७ ही याच एनएफ५४ची क्लोन, आणि २००२ मध्ये फाल्सिपेरमचा जो पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला तो तिचाच.

धोक्याबद्दल. कल्चरमधला परजीवी हवेतून पसरत नाही. सुई टोचली, काच लागली, तरच रक्तात जाईल. त्यासाठी हातमोजे, ब्लीच, ऑटोक्लेव्ह आणि सुयांबाबत कडक नियम असतात. डासांचं काम सगळ्यात जपून. बंद खोलीच्या आत बंद खोली, दुहेरी दारं, जाळीचे पिंजरे, प्रत्येक डासाची मोजदाद. माद्यांना काही तास साखरपाणी देत नाहीत, मग काचेच्या पेल्यातून रक्त देतात. पेल्याच्या तळाशी ताणून बसवलेला पातळ पडदा आणि भोवती ३७ अंशांचं फिरतं पाणी. डास पडद्यातून सोंड खुपसून पितात. सात-आठ दिवसांनी त्यांची पोटं उघडून मर्क्युरोक्रोमने रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली गाठी मोजतात (नर-मादींच्या मीलनानंतर परजीवी डासाच्या पोटावर या गाठी करतो). गाठी दिसल्या म्हणजे आपण वाढवलेले नर-मादी खरोखर सक्षम होते. चंद्रकोर दिसायला सुंदर असूनही नापास होऊ शकते. शेवटचा निकाल डासच देतो.

अशा कामात ॲनॉफेलिस स्टेफेन्सी हा डास सर्रास वापरतात. हा आपल्याच शहरांतला, गच्चीवरच्या टाक्यांत अंडी घालणारा. हे सगळं करायचं कशाला, तर मलेरियाचा प्रसार रोखणारी औषधं आणि लस तपासायला दुसरा मार्ग नाही. पीएफएस२३०, पीएफएस४८/४५, पीएफएस२५ ही प्रथिनं डासाच्या पोटात नर-मादी आणि त्यांच्या मीलनानंतरच्या अवस्थेवर असतात. लस घेतलेल्या माणसाचं सीरम त्या पेल्यात मिसळलं आणि डासांत गाठी कमी झाल्या, तर लस काम करते असं कळतं. पक्के गॅमेटोसाइट हाताशी नसतील तर ही चाचणीच होणार नाही.

---

दांडियाबाजारकर

टाक्यांचं बरोबर बोललात. आपल्या शेजारी खेडा जिल्ह्यात, नडियादजवळच्या गावांत, १९८३ पासून फवारणीऐवजी पाणी साठू न देणं आणि गप्पी मासे सोडणं यावर मोठं काम झालं. आम्हाला त्याची उदाहरणं देत असत.

ताई, ते गार न होऊ देण्याचं राहिलं.

---

विश्वामित्री

हो काका, तेच लिहायला बसले होते.

पिकलेला नर गॅमेटोसाइट डासाच्या पोटात जाण्याची वाट बघत असतो. पोचलो हे त्याला तीन गोष्टींवरून कळतं: तापमान पाचेक अंशांनी उतरतं, आम्लता थोडी कमी होते, आणि डासाच्या शरीरातलं झँथुरेनिक आम्ल भेटतं. ही शेवटची गोष्ट १९९८ मध्ये उलगडली. मग घडतं ते मला आजही अविश्वसनीय वाटतं. दहा-बारा मिनिटांत नर आपला डीएनए तीनदा दुप्पट करतो, आणि पंधरा-वीस मिनिटांच्या आत त्यातून आठ लांब, वळवळणारी नर युग्मकं बाहेर पडतात. आजूबाजूच्या तांबड्या पेशी त्यांच्या फटकाऱ्यांनी हलायला लागतात, गोळा होतात. एक थेंब काचेवर घेऊन थोडा गार होऊ दिला की साध्या सूक्ष्मदर्शकातून हे बघता येतं.

फ्लास्क हूडमध्ये (निर्जंतुक काम करायच्या कपाटात) उघडा राहिला आणि गार झाला, तर हीच क्रिया डासाविना सुरू होते. नर फुटून जातात, मादी बाहेर येतात, आणि दोन आठवड्यांचं कल्चर दुपारच्या आत वाया जातं. गरम प्लेट त्यासाठी.

आणि हीच गोष्ट मलेरियाचा परजीवी शोधणाऱ्या लाव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी पाहिली होती. ६ नोव्हेंबर १८८०, अल्जीरियातलं कॉन्स्टंटिन, लष्करी रुग्णालय. रुग्णाचं ताजं रक्त, न रंगवलेलं, काचेवर गार होत होतं. त्यात त्यांना गोल शरीरातून धागे फटकारताना दिसले, आणि हा जिवंत प्राणी आहे याबद्दल त्यांची खात्री पटली. १८९७ मध्ये मॅक्कॅलम यांनी पक्ष्यांच्या रक्तातल्या परजीवीत तो धागा मादीत शिरताना पाहिला, तेव्हा कळलं की धागे म्हणजे नर. त्याच वर्षी २० ऑगस्टला सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटातल्या गाठी सापडल्या. आपण पेल्यातून डास पाजून मोजतो त्याच गाठी.

---

अनघा_रावपुरा

ताई, विज्ञानातलं मला फार कळत नाही, पण सगळं वाचलं. माझ्या धाकट्या भावाला नुकताच फाल्सिपेरम झाला होता. तीन दिवसांच्या पाकिटाबरोबर दुसऱ्या दिवशी एकदाच घ्यायची वेगळी गोळी दिली होती. ताप उतरलाय, मग ती कशाला, असं घरी सगळे म्हणाले. ती चंद्रकोरींसाठी होती का?

---

डॉ_प्रतापनगर

हो. ती प्रायमाक्वीन. आपल्या राष्ट्रीय उपचारपद्धतीत फाल्सिपेरमला तीन दिवसांचा एसीटी (आर्टेमिसिनिन गटाचं औषध आणि जोडीला दुसरं) आणि दुसऱ्या दिवशी प्रायमाक्वीनचा एकच डोस आहे. भावाला बरं वाटण्यासाठी ती नव्हती. त्याच्या रक्तातून डासाकडे आणि डासाकडून तुमच्याकडे मलेरिया जाऊ नये म्हणून होती. घेतली नसेल तर ज्यांनी लिहून दिली त्यांना फोन करून सांगा आणि ते म्हणतील तसं करा, मनाने घेऊ नका. गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या मुलांना ही देत नाहीत, आणि जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांत तांबड्या पेशी फुटू शकतात.

आणखी एक. बरं झाल्यावर कार्ड टेस्ट (मलेरियाची झटपट चाचणी) परत करून बघू नका. तिच्यात दिसणारं प्रथिन उपचारानंतरही कित्येक आठवडे रक्तात राहतं. चंद्रकोर आहे का हे स्लाइडवरच कळेल.

---

विश्वामित्री

डॉक्टरांनी नेमकं सांगितलं. अनघा, फोन आजच कर. भावाला रात्री मच्छरदाणीतच झोपव. पक्की चंद्रकोर रक्तात दिवसच नाही, कधीकधी काही आठवडेही टिकते.

प्रायमाक्वीनबद्दल एक जोडते. ही गोळी थेट फ्लास्कमध्ये घातली तर गॅमेटोसाइटवर फारसा परिणाम दिसत नाही. यकृतात तिचं रूप बदलतं, तेव्हा कुठे ती मारक होते. यकृत नसलेल्या फ्लास्कवर विसंबून राहिलो असतो तर हे औषध कधीच हाती लागलं नसतं. मेथिलीन ब्लूची गोष्ट वेगळी. ते फ्लास्कमध्येही पक्क्या गॅमेटोसाइटना मारतं.

---

कोवळे_ऊन

शेवटचं विचारतो. व्हायव्हॅक्सचे, म्हणजे मलेरियाच्या दुसऱ्या जातीचे, गॅमेटोसाइट असेच वाढवता येतात का?

---

विश्वामित्री

नाही. व्हायव्हॅक्सचं सलग कल्चरच अजून नाही. तो फक्त नुकत्या जन्मलेल्या, कोवळ्या तांबड्या पेशींत शिरतो, आणि त्या रक्तात टक्का-दोन टक्केच असतात. शिवाय त्याचे गॅमेटोसाइट गोल असतात आणि दोन-तीन दिवसांतच पिकतात. त्यामुळे त्याचा प्रसार अभ्यासायचा तर रुग्णाच्या संमतीने घेतलेलं ताजं रक्त त्याच दिवशी डासांच्या पेल्यात घालावं लागतं. म्हणजे प्रयोगशाळा रुग्णांच्या जवळच हवी.

---

दांडियाबाजारकर

बरोबर. व्हायव्हॅक्सच्या पहिल्याच स्लाइडवर रिंग आणि गॅमेटोसाइट आम्हाला एकत्र मिळायचे. रुग्ण दवाखान्यात येईपर्यंत डासांना देऊन झालेलं असायचं. म्हणून घराघरांतून तापाच्या स्लाइड लवकर गोळा करण्यावर आमचे साहेब एवढा भर द्यायचे.